टीएमटी 'पॉझिटिव्ह' आली म्हणजे नक्की काय? स्ट्रेस टेस्ट अधिक अचूक कशी होईल

स्पंदन (धागाकर्ती)

"टीएमटी पॉझिटिव्ह आली, आता काय करू?" हा प्रश्न आरोग्याच्या धाग्यांवर वारंवार येतो आणि त्याखाली दोन टोकांची उत्तरं पडतात. टीएमटी म्हणजे ट्रेडमिल टेस्ट, चालत्या पट्ट्यावर चालवत घेतलेला ईसीजी. कुणी म्हणतं लगेच अँजिओग्राफी करून घ्या, तर कुणी म्हणतं टीएमटीवर विश्वासच ठेवू नका, ती खोटीच येते. मी फिजिशियन आहे. लोकांना पट्ट्यावर चालवून त्यांचे आलेख वाचणं हे माझं रोजचं काम आहे, आणि ही दोन्ही उत्तरं वाचून मला काळजी वाटते. एकाने नको त्या माणसाची अँजिओग्राफी होते, दुसऱ्याने हवी त्याची राहून जाते.

आधी चाचणी काय बघते ते सांगते. हृदयाच्या धमनीत बराच अडथळा असला तरी बसल्या जागी स्नायूला रक्त पुरतं, त्यामुळे साधा ईसीजी चांगला दिसू शकतो. चालताना नाडी आणि रक्तदाब वाढतात, स्नायूची मागणी वाढते, आणि अरुंद झालेली धमनी ती पुरवू शकत नाही. हृदयाच्या भिंतीचा सर्वांत आतला थर आधी उपाशी पडतो. ईसीजीवर एसटी हा भाग (ठोक्याचं टोकदार शिखर आणि त्यानंतरची लहर यांच्या मधला) खाली उतरतो तो यामुळे. जे पॉइंटनंतर (ते शिखर संपून एसटी सुरू होतो तो बिंदू) ६० ते ८० मिलिसेकंदांवर तो निदान १ मिमी खाली असेल, सपाट किंवा उतरता असेल आणि लागोपाठ ठोक्यांमध्ये तसाच दिसत असेल, तर चाचणीला पॉझिटिव्ह म्हणतात. वर चढत जाणारा एसटी, विशेषतः भराभर चढणारा, फार कमी भरवशाचा.

आता अचूकतेचे आकडे. १९८९ मध्ये १४७ अभ्यास आणि २४,००० हून जास्त रुग्ण एकत्र करून केलेलं विश्लेषण प्रसिद्ध झालं. त्यात सरासरी अशी निघाली की ब्लॉकेज असलेल्या १०० जणांपैकी ६८ जणांना ही चाचणी पकडते आणि नसलेल्या १०० पैकी ७७ जणांना बरोबर 'नाही' म्हणते. पाठ्यपुस्तकांत हेच आकडे दिसतात. पण त्या जुन्या अभ्यासांपैकी बहुतेकांत एक दोष होता. टीएमटी पॉझिटिव्ह आलेल्यांनाच जास्त करून अँजिओग्राफीला पाठवलं जायचं आणि अँजिओग्राफी झालेल्यांवरूनच टीएमटीची पारख व्हायची. निगेटिव्ह येऊन घरी गेलेले, पण आतून आजारी असलेले लोक हिशेबात यायचेच नाहीत. १९९८ मध्ये ८१४ पुरुषांचा एक अभ्यास आला. छातीत दुखणाऱ्या या सगळ्यांनी दोन्ही चाचण्या करून घ्यायचं आधीच मान्य केलेलं होतं. त्यात आकडे निघाले ४५ आणि ८५. म्हणजे एसटीच्या एकट्याच्या जिवावर निम्म्याहून जास्त आजारी माणसं सुटतात.

मग ही चाचणी टाकून द्यायची का? मला तसं अजिबात वाटत नाही. तीच चाचणी योग्य माणसावर, नीट तयारीने केली आणि एसटीखेरीज बाकीचंही वाचलं, तर ती पुष्कळ सांगते. या तीन गोष्टींवर इथे चर्चा व्हावी म्हणून धागा काढला आहे. इथे टेक्निशियन आणि संख्याशास्त्रवालेही आहेत, त्यांनी जरूर लिहावं.

एक गोष्ट आधीच लिहून ठेवते. बसल्या जागी छातीत दुखत असेल, घाम फुटत असेल, दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे सरकत असेल, तर टीएमटीची वेळ ठरवत बसू नका, थेट इमर्जन्सीत जा. त्या अवस्थेत पट्ट्यावर चालवणं धोक्याचं आहे.

आकडेमोड

उत्तम धागा, डॉक्टर. ६८ आणि ७७ हे आकडे घेऊन हिशेब मांडतो.

समजा १,००० माणसं आहेत आणि त्यांच्यात ब्लॉकेज असण्याची शक्यता मुळात १० टक्के आहे, म्हणजे तरुण, लक्षणं फारशी नसलेली मंडळी. १०० आजारी, त्यांतले ६८ पॉझिटिव्ह. ९०० निरोगी, त्यांतले २०७ पॉझिटिव्ह. एकूण २७५ पॉझिटिव्ह रिपोर्ट, आणि त्यांत खरे ६८. चारपैकी तिघांना उगाच घोर लागला.

आता मुळातली शक्यता ५० टक्के धरा. पॉझिटिव्ह ४५५, खरे ३४०. म्हणजे चारपैकी तिघे खरोखर आजारी. मशीन तेच, निकष तोच, पण रिपोर्टचा अर्थ बरोबर उलटला.

आणि शक्यता ९० टक्के असेल तर? वय जास्त, मधुमेह, चढावर छाती दाबल्यासारखी होते आणि थांबलं की मोकळी होते, असा माणूस. तेव्हा ३६५ जण निगेटिव्ह येतील आणि त्यांतले २८८ आजारी असतील. अशा माणसाला निगेटिव्ह रिपोर्ट दाखवून निर्धास्त करणं घातक आहे.

हा युक्तिवाद १९७७ आणि १९७९ मध्ये वैद्यकीय नियतकालिकांत सविस्तर मांडला गेला, आणि वय, लिंग व दुखण्याचा प्रकार यांवरून आधीची शक्यता काढायची कोष्टकं तेव्हापासून वापरात आहेत. नव्या कोष्टकांत या शक्यता जुन्यांपेक्षा बऱ्याच कमी धरल्या आहेत. त्यामुळे जुनं कोष्टक घेऊन बसलं तर पॉझिटिव्हवर गरजेपेक्षा जास्त विश्वास बसतो.

तुम्ही दिलेल्या ४५ आणि ८५ वरही मी हिशेब केला, आणि त्यात एक लक्षात घेण्यासारखी गोष्ट निघाली. पॉझिटिव्ह निकालाचं वजन दोन्हीकडे जवळपास सारखंच राहतं. आजारी माणसात पॉझिटिव्ह येण्याची शक्यता निरोगी माणसाच्या सुमारे तिप्पट. बदलतं ते निगेटिव्हचं वजन. ६८-७७ मध्ये निगेटिव्ह आल्यावर आजाराची शक्यता बरीच उतरते, ४५-८५ मध्ये ती जेमतेम हलते. म्हणजे दोष काढून टाकल्यावर चाचणीची 'नाही' म्हणण्याची ताकद घटली, 'हो' म्हणण्याची टिकली.

बारा लीड

मी टेक्निशियन आहे. आकड्यांचं तुम्ही लिहिलंच आहे, मी पट्ट्याजवळचं लिहितो, कारण अर्धी चूक तिथे होते आणि रिपोर्टमध्ये तिचा मागमूस राहत नाही.

पहिलं कातडीचं. केस काढायचे, स्पिरिटने तेल पुसायचं, खरखरीत कागदाने वरचा मृत थर हलकेच घासायचा. हे केलं नाही की माणूस घामेजला की इलेक्ट्रोड सैल होतात, रेषा वरखाली पोहायला लागते, आणि १ मिमीचा फरक शोधायचा असताना रेषाच दोन-तीन मिमी हलत असते. घाई असली की हीच पायरी गाळली जाते.

दुसरं, मशीन सरासरी काढून एक गुळगुळीत ठोका दाखवतं. बघायला तो छान वाटतो. पण कच्ची रेषा खराब असेल तर ती सरासरी खोटा एसटी तयार करू शकते. मी नेहमी सरासरी न काढलेल्या ईसीजीच्या कच्च्या पट्ट्याही छापून जोडतो आणि डॉक्टरांना म्हणतो, आधी या बघा. मशीनने लिहिलेला एसटीचा आकडा हा फक्त इशारा समजायचा.

तिसरं, हातापायांचे इलेक्ट्रोड या चाचणीत धडावर लावतात. १९६६ पासून ही पद्धत आहे. त्याने ईसीजीचा आकार थोडा बदलतो. म्हणून आधी झोपवून काढलेल्या साध्या ईसीजीशी तुलना करू नये, धडावरच्या इलेक्ट्रोडांनी उभ्याने काढलेला ईसीजी आधार धरावा.

चौथं, दांडी. घट्ट धरून चालणारा माणूस पायांवरचा भार हातांवर टाकतो. मशीन मात्र वेग आणि चढ बघून मेट्स (बसल्या जागी लागणाऱ्या ऊर्जेच्या किती पट श्रम झाले ते) लिहितं. त्यामुळे क्षमता फुगून दिसते आणि हृदयावर खरा ताण आलेलाच नसतो. बोटं टेकवा, लटकू नका, असं मी चालायच्या आधी दोनदा सांगतो.

शंकेखोर

माझी एक मूलभूत शंका. माझ्या वडिलांची चाचणी '८५ टक्के गाठले' म्हणून थांबवली. त्यांना अजून चालवत होतं. तेवढं पुरेसं असतं का?

स्पंदन

शंकेखोर, महत्त्वाचं विचारलंत. हे ८५ टक्के म्हणजे वयावरून काढलेल्या कमाल नाडीचे. ती काढायचं '२२० वजा वय' हे सूत्र मोठ्या गटाच्या सरासरीसाठी आहे. एकेका माणसाची खरी कमाल नाडी त्याहून १० ते १२ ठोके वरखाली असणं अगदी सामान्य आहे, कधी त्याहूनही जास्त. शिवाय वाढत्या वयात हे सूत्र कमी आकडा देतं. ७० वर्षांच्या माणसाला ते १५० सांगतं. २००१ मध्ये सुचवलेलं २०८ वजा वयाचे सात दशांश हे सूत्र १५९ सांगतं. १५० चे ८५ टक्के म्हणजे १२८. धडधाकट माणूस तिथे अजून दमलेलाही नसतो.

८५ टक्क्यांच्या अलीकडे थांबलेली निगेटिव्ह चाचणी 'अपुरी' म्हणून लिहायची असते, एवढाच त्या आकड्याचा खरा उपयोग. तो गाठला म्हणून थांबवायचं नसतं. माणूस खूप दमला, छातीत दुखायला लागलं, रक्तदाब वाढायच्या ऐवजी उतरला, ठोके बिघडले किंवा एसटी फार बदलला, तर थांबवायचं. तुमच्या वडिलांना चालवत असताना थांबवलं असेल, तर त्या निगेटिव्हचं वजन कमी आहे. त्यांच्या डॉक्टरांना हे जरूर विचारा.

पद्धतीचंही तसंच आहे. सर्वांत प्रचलित ब्रूस पद्धतीत दर ३ मिनिटांनी टप्पा बदलतो. पहिला टप्पा ताशी २.७ किमी आणि १० टक्के चढ, दुसरा ४ किमी आणि १२ टक्के, तिसरा ५.५ किमी आणि १४ टक्के. या उड्या मोठ्या आहेत. गुडघे दुखणारा किंवा अशक्त माणूस दुसऱ्या टप्प्यातच पायांमुळे थांबतो आणि हृदयाची परीक्षा होतच नाही. अशांसाठी सौम्य सुरुवातीची सुधारित ब्रूस आहे, किंवा हळूहळू सतत वाढत जाणारी रॅम्प पद्धत. माणूस ८ ते १२ मिनिटांत दमेल असा वेग निवडला की चाचणी सर्वांत बोलकी होते.

बारा लीड, तुमच्या मुद्द्यांत एक भर घालते. थांबल्यानंतरची मिनिटं फार मोलाची असतात. काहींचा एसटी चालताना ठीक असतो आणि थांबल्यावर उतरतो, आणि तो बदलही तितकाच खरा असतो. पट्टा थांबताच झोपवलं तर हृदयाकडे परतणारं रक्त वाढतं, भिंतीवरचा ताण वाढतो आणि हे बदल जास्त पकडले जातात. हळू चालवत थंड केलं तर काही वेळा ते पुसट होतात. निदान ६ ते ८ मिनिटं रेषा बघत राहावं.

बारा लीड

हो, पण झोपवण्याचा परिणाम नाडीवरही होतो ना? आमच्याकडे पहिल्या मिनिटात नाडी किती उतरली हेही लिहितात.

स्पंदन

अगदी बरोबर. १९९९ च्या ज्या अभ्यासावरून 'पहिल्या मिनिटात १२ किंवा त्याहून कमी ठोके उतरले तर धोका जास्त' हा निकष आला, त्यात लोकांना हळू चालवत थंड केलं होतं. लगेच झोपवल्यावर नाडी एरवीही भराभर उतरते, तिथे १८ चा निकष वापरतात. म्हणून थांबल्यावर रुग्णाला चालवलं की झोपवलं, हे रिपोर्टमध्ये लिहायलाच हवं. क्वचितच लिहिलेलं दिसतं.

पाऊलखुणा

नमस्कार. मी पन्नाशीची आहे. चालताना छातीत दाबल्यासारखं व्हायचं, टीएमटी पॉझिटिव्ह आली, मग सीटी अँजिओग्राफी (सीटी स्कॅनवर धमन्या बघणं) केली आणि धमन्या स्वच्छ निघाल्या. "टीएमटी खोटी होती, तुम्हाला काही नाही" असं सांगून मला परत पाठवलं. पण छातीत दाबणं अजून आहे. बायकांची टीएमटी खोटीच येते असं म्हणतात, ते खरं का?

स्पंदन

पाऊलखुणा ताई, तुमचा प्रश्न या धाग्यातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

स्त्रियांमध्ये मोठ्या धमन्या मोकळ्या असूनही एसटी उतरण्याचं प्रमाण जास्त आहे, हे खरं. पण 'खोटी' कशाच्या तुलनेत? इतकी वर्षं आपण टीएमटीची पारख अँजिओग्राफीवर केली, आणि अँजिओग्राफीत फक्त मोठ्या धमन्या दिसतात. स्नायूच्या आत शिरणाऱ्या बारीक वाहिन्या तिच्यात दिसतच नाहीत. त्या नीट उघडत नसतील तरी स्नायू उपाशी पडतो, छातीत दुखतं आणि एसटी उतरतो.

२०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात छातीत दुखणाऱ्या पण मोठ्या धमन्या मोकळ्या असलेल्या १०२ जणांची व्यायाम चाचणी केली आणि धमनीत तार घालून बारीक वाहिन्यांचं कामही मोजलं. ३२ जणांचा ईसीजी बदलला. त्या ३२ च्या ३२ जणांमध्ये बारीक वाहिन्यांचा दोष सापडला. अभ्यास लहान आहे, पण आजवर ज्याला आपण फॉल्स पॉझिटिव्ह म्हणत आलो त्यातल्या बऱ्याच जणांना खरोखर आजार असावा, एवढं त्यातून नक्की पुढे येतं. तुमचं दुखणं खरं आहे असं धरून चाला. बारीक वाहिन्यांच्या दोषाबद्दल डॉक्टरांना स्पष्ट विचारा. त्याच्या तपासण्या आहेत, औषधं आहेत, आणि रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल सांभाळणं तर आहेच.

मात्र तांत्रिक कारणांनी खरोखर खोटे ठरणारे पॉझिटिव्हही असतात. डाव्या बंडल ब्रांच ब्लॉकमध्ये (हृदयातल्या विजेच्या डाव्या वाटेतला अडथळा), पेसमेकरच्या ठोक्यांमध्ये, डब्ल्यूपीडब्ल्यूमध्ये (विजेची जन्मजात जादा वाट) आणि विश्रांतीतच एसटी १ मिमीहून जास्त उतरलेला असेल तर व्यायामातला एसटी वाचण्यात अर्थ नाही. डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध चालू असेल किंवा हृदयाची भिंत जाड असेल तरी तो दिशाभूल करतो. उजव्या बंडल ब्रांच ब्लॉकमध्ये छातीवरच्या लीड्सपैकी (ईसीजीच्या वेगवेगळ्या कोनांतून काढलेल्या रेषा) व्ही१ ते व्ही३ सोडून द्यायचे, व्ही५ आणि व्ही६ वाचता येतात. एरवीही सगळ्यांत भरवशाचं लीड व्ही५ आहे. फक्त खालच्या लीड्समध्ये, म्हणजे २, ३ आणि एव्हीएफमध्ये बदल दिसत असतील तर मी जपून बोलते, कारण वेगवान नाडीत आलिंदाच्या (हृदयाच्या वरच्या कप्प्याच्या) लहरीचं शेपूट तिथला एसटी खाली ओढतं.

शंकेखोर

एवढं सगळं सांभाळायचं, तर थेट सीटी अँजिओग्राफी किंवा स्ट्रेस इको (ताण देऊन हृदयाची सोनोग्राफी) का करू नये?

स्पंदन

बऱ्याच रुग्णांत तेच करतात आणि ते योग्यही आहे. ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेने २०१० मध्येच निव्वळ निदानासाठी व्यायाम ईसीजी वापरू नये असं सांगितलं, आणि २०१६ मध्ये सीटीला पहिली पसंती दिली. स्कॉटलंडमध्ये ४,१४६ रुग्णांच्या स्कॉट-हार्ट चाचणीत नेहमीच्या तपासणीला सीटीची जोड दिली होती. ५ वर्षांत हृदयविकाराने मृत्यू किंवा हार्ट अटॅक यांचं प्रमाण ३.९ टक्क्यांवरून २.३ टक्क्यांवर आलं. पण १०,००३ रुग्णांच्या प्रॉमिस चाचणीत आधी सीटी केलेले आणि आधी ताण चाचणी केलेले यांच्या परिणामांत फरक पडला नाही. स्कॉट-हार्टचा फायदा बहुधा यातून आला, की सीटीत रक्त न अडवणारे चरबीचे थर दिसल्यावर योग्य लोकांना स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध) वेळेवर सुरू झालं.

स्ट्रेस इको जास्त अचूक का, याचंही कारण आहे. रक्त कमी पडलं की आधी स्नायूचं सैल होणं बिघडतं, मग आकुंचन, त्यानंतर ईसीजी, आणि सर्वांत शेवटी छातीत दुखतं. इको ईसीजीच्या आधीचा टप्पा पकडतो. शिवाय भिंतीचा कोणता भाग हलत नाही ते दिसतं, म्हणून कोणती धमनी याचा अंदाज येतो. एसटी उतरण्यावरून जागा सांगता येत नाही.

सीटी धमनीचा आकार दाखवते. माणसाला चालताना काय होतं, कितीला दम लागतो, रक्तदाब कसा वागतो, हे ती दाखवत नाही. २००२ मध्ये ६,२१३ पुरुषांचा अभ्यास आला. त्यात व्यायामाची क्षमता दर १ मेटने वाढली की जगण्याची शक्यता १२ टक्क्यांनी सुधारलेली दिसली, आणि मृत्यूचा धोका सांगण्यात क्षमता बाकीच्या घटकांपेक्षा वरचढ ठरली. ही माहिती पट्ट्यावर फुकट मिळते आणि आपण 'पॉझिटिव्ह-निगेटिव्ह' लिहून ती फेकून देतो, याचं मला फार वाईट वाटतं.

मध्यममार्ग

माझ्या आईला मेटोप्रोलॉल चालू आहे. चाचणीआधी गोळी बंद करायची का? काही ठिकाणी करा म्हणतात, काही ठिकाणी नको.

स्पंदन

चाचणी कशासाठी आहे त्यावर ते ठरतं. आजार आहे की नाही हे पहिल्यांदाच शोधायचं असेल तर बीटा ब्लॉकर (मेटोप्रोलॉल त्यातलाच) साधारण १ ते २ दिवस थांबवतात, कारण तो नाडी वाढू देत नाही आणि चाचणी अपुरी राहते. आजार आधीच माहीत असून औषधावर कितपत आराम आहे ते बघायचं असेल तर चालू ठेवतात. पण आपणहून गोळी बंद करू नका. ती अचानक थांबवल्याने छातीत दुखणं उसळू शकतं. लिहून देणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा, आणि गोळी घेतली होती की नाही हे रिपोर्टवर लिहून घ्या.

आकडेमोड

एसटी, वेळ आणि दुखणं एकत्र करून एक आकडा काढतात ना? ड्यूक स्कोअर. तो इथे यायला हवा.

स्पंदन

हो, तो राहिलाच होता. ब्रूस पद्धतीने चाललेली मिनिटं घ्या. एसटी जितके मिमी बदलला त्याच्या पाचपट वजा करा. मग दुखण्याचे गुण, दुखलं नाही तर ०, दुखलं पण चालता आलं तर १, दुखण्यामुळेच थांबावं लागलं तर २, याच्या चौपट वजा करा. उत्तर ५ किंवा जास्त आलं तर धोका कमी, उणे ११ किंवा त्याखाली असेल तर जास्त, मधलं सगळं मध्यम.

दोन 'पॉझिटिव्ह' माणसं घ्या. पहिला ११ मिनिटं चालला, एसटी १ मिमी, दुखलं नाही. ११ वजा ५ म्हणजे ६, कमी धोका. दुसरा ४ मिनिटांत छाती धरून थांबला, एसटी २ मिमी. ४ वजा १० वजा ८, म्हणजे उणे १४. १९९१ च्या अभ्यासात बाह्यरुग्णांपैकी कमी धोक्याच्या गटातले ९९ टक्के लोक ४ वर्षांनी हयात होते, जास्त धोक्याच्या गटातले ७९ टक्के. दोघांच्या रिपोर्टवर शब्द मात्र एकच. पंचाहत्तरीपुढे हा स्कोअर तितका चालत नाही, तेवढं लक्षात ठेवा.

याशिवाय एसटी किती उतरला याला नाडी किती वाढली याने भागून बघतात. नाडी ४० ने वाढल्यावर उतरलेला १ मिमी आणि ९० ने वाढल्यावर उतरलेला १ मिमी सारखे नाहीत. दर ठोक्यामागे १.६ मायक्रोव्होल्टहून जास्त उतार असेल तर ते संशयास्पद धरतात. १ मिमी म्हणजे १०० मायक्रोव्होल्ट, त्यामुळे हिशेब हातानेही होतो. पहिल्यात २.५ येतात, दुसऱ्यात १.१.

पाऊलखुणा

माझा जुना रिपोर्ट काढला. त्यात 'पॉझिटिव्ह फॉर इंड्युसिबल इस्केमिया' (ताणाने हृदयाला रक्त कमी पडतं) एवढंच आहे. मिनिटं, मेट्स काही नाही. आता काय करता येईल?

बारा लीड

ताई, जिथे चाचणी झाली तिथे 'पूर्ण प्रिंट' मागा. मशीनमध्ये बहुधा सगळं साठवलेलं असतं. दर टप्प्याचा बारा लीडचा ईसीजी, नाडी, रक्तदाब, एकूण वेळ, मेट्स, थांबवण्याचं कारण, आणि थांबल्यानंतरची मिनिटं. कच्च्या पट्ट्या मिळाल्या तर त्याही घ्या. दुखायला कितव्या मिनिटाला लागलं ते आठवत असेल तर प्रिंटवर पेनाने लिहून ठेवा, कारण मशीनला ते कुणी सांगितलं नसेल तर तिथे नसणार.

स्पंदन

आणि ती प्रिंट व सीटीचा रिपोर्ट दोन्ही एकत्र घेऊन हृदयरोगतज्ज्ञांकडे जा. दोन्ही शेजारी ठेवून वाचल्याशिवाय 'काही नाही' असं कुणालाच म्हणता येणार नाही.